सेलरीच्या गावात ए बी सी

जपानच्या खेड्यात इंग्रजीची शाळा काढायला काय लागतं? खरं सांगायचं तर काहीच लागत नाही. शिक्षणाधिकाऱ्याची परवानगी नको, बी.एड. नको, संस्थेची नोंदणी नको, अध्यक्ष-उपाध्यक्ष-खजिनदार तर नकोतच. असल्या वर्गांना तिकडे ‘एइकाइवा’ म्हणतात आणि कायद्याच्या दृष्टीने तो सरळसरळ धंदा असतो. मी २०१८ मध्ये शाळा काढली तेव्हा महिन्याच्या आत करकचेरीत एक कागद नेऊन द्यायचा, त्यावर आपल्या आडनावाचा शिक्का उमटवायचा, झालं. तेव्हा शिक्का तरी लागायचा. पुढे २०२१ साली सरकारने बहुतेक कागदांवरचे शिक्केही काढून टाकले. आपल्याकडे साधी बालवाडी काढायची तरी उद्घाटनाला कुणाला बोलवायचं यावर दोन बैठका होतात. इथे कारकुनाने कागद घेतला, वाकून नमस्कार केला आणि मी अचानक संस्थापक, मुख्याध्यापिका, शिक्षिका आणि शिपाई झाले.

परवानगी लागत नाही म्हणजे अडचण नसते, असं मात्र नाही. गावाला तुमची शाळा हवी आहे का, हे सांगणारं खातं कुठल्याच कचेरीत नसतं.

गाव नागानो प्रांतातलं. चिनो शहराच्या पलीकडे, यात्सुगाताके डोंगररांगेच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून हजारेक मीटर उंच. खाली सुवा तळं, तळ्याकाठी घड्याळं आणि बारीक यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यांची जुनी वस्ती. त्यातल्या एका कारखान्यात नवरा नोकरीला. मी वाईची. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला जपानी शिकले ती तोक्योत राहायला मिळेल या भरवशावर, आणि येऊन पडले सेलरीच्या मळ्यांत. या भागात उन्हाळ्यात जिकडे पाहावं तिकडे सेलरी. हिवाळ्यात कापणी झालेल्या भातखाचरांत लाकडी मांडवांवर पांढऱ्या लांबट विटा ओळीने मांडलेल्या दिसतात. ते ‘कान्तेन’, म्हणजे आपलं चायना ग्रास. समुद्रशेवाळ उकळून, थिजवून, उघड्यावर ठेवतात. रात्री ते गोठतं, दिवसा उन्हात वितळून त्यातलं पाणी गळून जातं, आणि असं बरेच दिवस चाललं की हातात उरते एक वजनच नसलेली कांडी. शेवाळ समुद्रातलं आणि समुद्र कुठल्या कुठे, पण त्याला लागणारी कोरडी, शून्याखाली दहा अंशांची रात्र इथेच मिळते. त्या कांडीची खीर मी वाईत लहानपणी खाल्ली होती. ती अशी भाताच्या खुंटांमध्ये कुडकुडून तयार होते, हे मात्र इथे आल्यावर कळलं.

जागा मिळणं फार सोपं होतं. २०२३ च्या सरकारी पाहणीत जपानभर नव्वद लाख घरं रिकामी निघाली, म्हणजे शंभरातली जवळजवळ चौदा. आमच्या गल्लीतच तीन होती. त्यातलं एक पूर्वी किराणा दुकान होतं. मालक योकोहामाला. भाडं विचारलं तर ते फोनवर बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘भाड्याचं पाहू हो, पण थंडीत रात्री नळातलं पाणी काढून ठेवत जा. पाइप फुटला तर मला यावं लागेल.’ म्हणजे त्यांना भाडेकरू नको होता, नळाची काळजी घेणारं माणूस हवं होतं. पुढे फळा आला, घासलेटची शेगडी आली, तिच्यावर कायमची एक किटली बसली. बिस्किटांच्या जुन्या कपाटात मी चित्रांचे पत्ते रचले.

जाहिरात? तिथे गल्लीतल्या घरांमधून एक फळीवजा पाटी फिरत असते. कचरा कधी, गटारसफाई कधी, कुणाची बैठक कधी, सगळं त्यावर. वाचायचं, शिक्का मारायचा आणि शेजारच्या दाराशी नेऊन ठेवायची. गल्लीप्रमुख आजोबांनी माझं पत्रक त्या पाटीला अडकवायला होकार दिला. अस्वल दिसल्याची सूचना आणि लशीची तारीख यांच्या मधोमध माझी इंग्रजी शाळा गावभर फिरली. पाटी परत आली तेव्हा सगळ्या घरांचे शिक्के होते. नाव नोंदवलेलं एकही नव्हतं.

मग एके संध्याकाळी एक आई आली, मुलाला पुढे धरून. मग आणखी एक. फुकटच्या पहिल्या तासाला पाच मुलं आणि चौदा मोठी माणसं जमली. एका चिमुरडीने मला नीट निरखून आईच्या कानात काहीतरी विचारलं आणि आईचे कान लाल झाले. मी ते ऐकलं होतं. ‘हिचे केस काळे कसे?’ असा साधा प्रश्न होता. पोरीचं काही चुकलं नव्हतं. १९८७ पासून जपान सरकार परदेशी तरुणांना शाळांमधून इंग्रजीच्या मदतनिसाचं काम देतं, आणि गावातल्या शाळेत तोवर आलेले बहुतेक मदतनीस सोनेरी नाही तर तांबूस केसांचे होते. मी म्हणजे इंग्रजीच्या डब्यातून निघालेलं लोणचं.

माझ्या काळ्या केसांची भरपाई मात्र दुसऱ्या बाजूने झाली. तास संपल्यावर एक वडील रेंगाळले. आवाज खाली आणून म्हणाले, ‘सेन्सेई, इंग्रजीचं ठीक आहे. पण एकोणीसचे पाढे शिकवाल का?’ २००७ च्या आसपास जपानमध्ये भारतीय गणिताची मोठी लाट येऊन गेली होती. त्यावरच्या पुस्तकांनी दुकानं भरली होती, आणि भारतातलं प्रत्येक पोर एकोणीस गुणिले एकोणीसपर्यंत पाढे झोपेत म्हणतं, अशी सगळ्यांची खात्री झालेली. त्यांची स्वतःची मुलं दुसरीत नऊ नवे एक्याऐंशीपर्यंत सुरात पाठ करतात आणि तिथे थांबतात. आता आपण तिसापर्यंत पाठ केले हे खरं, पण आपला पाढा दाहेला संपतो. एकोणीस एकोणीसे किती, हे माझ्या प्राथमिक शाळेतल्या गुरुजींनी कधी विचारलं नव्हतं. चौदा माणसं बघत होती. मी मनात वीस एकोणीसे केले, त्यातून एकोणीस काढले, आणि जणू जन्मापासून पाठ असल्यासारखं ‘तीनशे एकसष्ट’ म्हटलं. खोलीत ‘ओऽऽ’ असा आवाज उठला. त्या एका उत्तरावर मला पहिले चार विद्यार्थी मिळाले. इंग्रजी शाळेचा पाया असा गणिताने घातला गेला.

पैशांचा व्यवहार इतका देखणा असू शकतो हेही तिथेच पाहिलं. प्रत्येक मुलाचं एक जाड कागदाचं पाकीट असतं, त्यावर बारा महिन्यांचे बारा चौकोन. महिन्याच्या पहिल्या तासाला मूल ते दोन्ही हातांनी पुढे करतं. आत कोऱ्या नोटा, घडी न घातलेल्या. आपण नोटा काढायच्या, त्या महिन्याच्या चौकोनात शिक्का मारायचा आणि पाकीट दोन्ही हातांनी परत करायचं. आठ वर्षांचं पोर त्या वेळी असं गंभीर होतं की मलाच उगाच पदर सावरल्यासारखं वाटायचं, जीन्स घातलेली असतानाही. फी सहा-साडेसहा हजार येन. त्याखेरीज दाराशी सेलरी. नाव नाही, चिठ्ठी नाही, नुसता सकाळी दव पडलेला सेलरीचा भारा. सेलरीची पीठ पेरून भाजी केली, सेलरीचं थालीपीठ केलं, सेलरी घालून वरण केलं. नवरा म्हणाला, ‘फी कमी कर, पण भाजी थांबव.’ भांड्यातून काही आलं तर ते रिकामं परत करायचं नाही, हा नियम वाईत होता तसाच इथेही आहे. म्हणून मी डब्यातून शंकरपाळे धाडले. पुढच्या आठवड्यात दुप्पट सेलरी आली.

शिकवणं? त्याबद्दल लिहायला हवं खरं. पण सुरुवातीला ते फारसं घडतच नव्हतं.

आपल्या वर्गात प्रश्न पुरा व्हायच्या आत चाळीस हात वर होतात, ‘बाई मी, बाई मी’ असा गलका होतो आणि ज्याला विचारावं त्याला उत्तर येत नसतं. इथे उलट. मी एका मुलाला विचारायचे, ‘व्हॉट कलर इज इट?’ तो शेजाऱ्याकडे बघायचा. शेजारी त्याच्या शेजाऱ्याकडे. दबक्या आवाजात चर्चा व्हायची. शेवटी एकमत झालं की पहिला मुलगा माझ्याकडे न बघता म्हणायचा, ‘रेड.’ समोर लालभडक सफरचंद, नागानोचंच. त्यांना उत्तर आलं नव्हतं असं नव्हे. चारचौघांत चुकायचं नाही, एवढंच होतं. आणि मी तरी त्यांना काय विचारत होते? हे पेन आहे का, ती खिडकी आहे का. मोठ्या माणसांना इंग्रजीतलं एकच वाक्य पक्कं यायचं, ‘धिस इज अ पेन’, कारण शाळेत त्यांचं इंग्रजी त्याने सुरू झालं होतं. पण पेन पेनच आहे हे कुणाला सांगायची वेळ आयुष्यात कधी येते?

या गप्प मंडळींतला सर्वांत गप्प एक दुसरीतला मुलगा होता. त्याचा आवाज कसा आहे हे मला कळायला बराच काळ गेला. मधल्या काळात पुष्कळ काही झालं. २०२० साली पाचवी-सहावीला इंग्रजी रीतसर विषय झाला, त्यामुळे पालकांची धांदल उडाली. त्याच वसंतात करोनाच्या साथीमुळे शाळाच बंद झाल्या. मलाही पाचवीतच इंग्रजी लागलं होतं, हे मी पालकांना सांगितलं तर त्यांना एवढा धीर आला की चार मुलं वाढली.

तर तो मुलगा. सुवामध्ये दर सहा वर्षांनी ‘ओनबाशिरा’ हा उत्सव असतो. लोक त्याला सातव्या वर्षाचा म्हणतात, दोन्ही टोकांची वर्षं धरून. डोंगरातली फरची सोळा-सतरा मीटर लांब, दहाएक टनांची झाडं तोडून, हजारो माणसं दोर लावून ती खाली ओढत आणतात आणि सुवा देवस्थानच्या चार देवळांच्या चार कोपऱ्यांना उभी करतात. एकूण सोळा खांब. वाटेत एक उतार येतो. तिथून झाड खाली सोडतात, आणि झाडावर माणसं बसलेली असतात. आमच्याकडच्या, म्हणजे वरच्या देवळाच्या, झाडांना तर पुढे-मागे शिंगांसारखे वासे बसवलेले असतात आणि त्यांवरही माणसं लोंबकळत असतात. लोक जखमी होतात, क्वचित जीवही जातो. पुढच्या खेपेला पुन्हा तीच चढाओढ. ओढणाऱ्यांना एकदम जोर लावता यावा म्हणून ‘कियारी’ म्हणतात. ती उंच, धारदार, डोंगरावर आपटून परत येईल अशी हाळी असते, आणि ती लहान मुलांनाही शिकवतात.

२०२२ च्या ओनबाशिराची तालीम चालली होती. देवळामागून जाताना कियारी ऐकू आली आणि मी थांबले. असा आवाज की कावळे उडाले. वाकून पाहिलं तर तोच. डोळे मिटलेले, मान वर, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. ज्याने माझ्याकडे ‘गुड इव्हनिंग’ कधी ओठांबाहेर काढलं नव्हतं, तो पाच-पन्नास माणसांसमोर देवाला हाक मारत होता.

फेब्रुवारीत बातमी आली की साथीमुळे यंदा झाडं डोंगरातून माणसांनी ओढायची नाहीत, ट्रेलरवर घालून आणायची. वर्गात त्या दिवशी कुणी पुस्तक उघडलं नाही. मार्चच्या शेवटी मी आईला व्हिडिओ फोन लावला तेव्हा मुलं खोलीत होती. आई वाईला असते, पंच्याहत्तरी उलटलेली. तिच्या वेळी इंग्रजी आठवीला लागायचं, पुढे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, बस. तिने विचारलं, ‘काय गं, पोरं का हिरमुसलीत?’ मी म्हटलं, तूच विचार. तिने फोन नाकाजवळ धरला आणि विचारलं, ‘व्हाय यू आर सॅड?’

थोडी चर्चा झाली नेहमीसारखी. आणि मग त्या मुलानेच तोंड उघडलं.

‘बिग ट्री. गॉड ट्री. पीपल पुल. धिस इयर, ट्रक.’ मग जोरात, ‘ट्रक! नो!’

‘पीपल सिट ऑन ट्री,’ दुसरी म्हणाली. ‘फॉल डाउन. सम पीपल डाय.’

‘डाय?’ आई म्हणाली. ‘व्हाय सिट?’

या प्रश्नाला उत्तर देताना चौघं एकदम बोलू लागली. कुठल्याही क्रियापदाला काळ नव्हता, पण आईला ते बरोबर कळत होतं, कारण तिच्याकडे वाईजवळच्या बावधनचं बगाड होतं. ते रंगपंचमीला असतं, आणि ती नुकतीच झालेली. मग आईने सांगितलं, ‘इन अवर प्लेस, बिग कार्ट. मेनी ऑक्स. अप, वन मॅन टाइड. हँगिंग.’ कोण लटकणार हे भैरवनाथाच्या कौलाने ठरतं, ते सांगायला ती दोन मिनिटं अडली आणि शेवटी म्हणाली, ‘गॉड सेलेक्ट.’ मुलांनी माना डोलावल्या. यात त्यांना काहीच नवल वाटलं नाही. नवल पुढे होतं. २०२१ मध्ये साथीमुळे यात्रेला बंदी होती, तरी बावधनकरांनी पहाटे बगाड ओढलं आणि पुष्कळ जणांवर गुन्हे दाखल झाले. आईने ते मोठ्या चवीने सांगितलं.

‘पोलीस?’ त्या मुलाने डोळे विस्फारले.

‘यस, पोलीस,’ आई म्हणाली. ‘बट गॉड फर्स्ट, पोलीस सेकंड.’

मला चटकन फोन काढून घ्यावा लागला. नियम मोडायची शिकवण इंग्रजीच्या तासाला मिळते, असं गावात पसरलं असतं तर सेलरी बंद झाली असती. पण त्या दिवसापासून वर्गाची दिशा फिरली. पेन आणि खिडकी कपाटात गेली. आता विषय म्हणजे कियारी, कान्तेन, अस्वल, आजीचा गुडघा. मे महिन्यात देवळापर्यंतचा शेवटचा टप्पा झाडं माणसांनीच ओढली, आणि वाईला फोनवरून तो सगळा प्रसंग शिंगांच्या वाशांसकट सादर झाला.

मोठी माणसंही येऊ लागली. सेलरीवाले एक शेतकरी त्यांच्याकडे कामाला असलेल्या इंडोनेशियन मुलांशी बोलता यावं म्हणून इंग्रजी शिकायला आले. काही आठवड्यांनी उलगडा झाला की त्या मुलांना इंग्रजी येत नाही आणि जपानी मात्र फर्डं येतं. तरी ते येतच राहिले. शेगडीजवळ बसायला बरं वाटतं म्हणाले. नातवाला सोडायला येणाऱ्या एक आजी मागे बसून विणकाम करायच्या. त्यांनी एक दिवस न विचारताच नातवाचं उत्तर दुरुस्त केलं. आजींनी पुढे ‘एइकेन’ या इंग्रजीच्या परीक्षेची पाचवी पायरी दिली आणि नातवाच्या आधी पास झाल्या. घरात त्यावरून जरा ताण होता म्हणतात.

२०२३ मध्ये योगेंद्र पुराणिक इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. मराठी माणूस जपानी शाळेचा मुख्याध्यापक, ही बातमी वाईलाही पोचली. सासूबाईंचा फोन आला, ‘अगं, तुझीही शाळाच ना? तुझं का नाही आलं पेपरात?’ मी सांगितलं, माझी शाळा चार टेबलांची आहे. त्या म्हणाल्या, ‘मग वाढव की.’

वाढवायची कशी? गावात मुलंच किती! आणि एक गोष्ट पालक कधी तोंडाने बोलत नाहीत, मीही बोलत नाही. ज्यांचं इंग्रजी बरं झालं ती मुलं माध्यमिक झालं की चिनो किंवा मात्सुमोतोच काय, थेट तोक्योची स्वप्नं बघतात. पहिल्या चौघांतली एक आता तिथेच आहे. तिचे वडील, तेच एकोणीसच्या पाढ्याचे, मला रस्त्यात भेटले की अजून तितकंच वाकतात. सेलरीही देतात. मळा पुढे कोण करणार, हे ते सांगत नाहीत आणि मी विचारत नाही. आमच्या वाईच्या आळीतही इंग्रजी चांगलं झालेली एकही मुलगी राहिलेली नाही. माझ्यासकट.

आता गावाने माझा वेगळाच उपयोग शोधून काढला आहे. गल्लीप्रमुखपद दरवर्षी फिरतं असतं आणि घरं रिकामी झाल्यामुळे ते फार लवकर लवकर फिरू लागलं आहे. यंदा ते पूर्वीच्या किराणा दुकानावर, म्हणजे माझ्या शाळेवर आलं. वर्गणी गोळा करायची, गटारसफाईला कोण आलं नाही ते पाहायचं, आणि ती फिरती पाटी लिहून काढायची, तीही सुवाच्य, चुका नसलेल्या जपानीत. बोलायला माझं काही अडत नाही, पण गटारसफाईच्या सूचनेतली आदराची क्रियापदं आणि कांजी अक्षरं हे पुण्यात शिकण्यापलीकडचं प्रकरण आहे. पहिला कच्चा मसुदा मी त्या कियारीवाल्याला दाखवला. तो आता आठवीत, आवाज फुटलेला. त्याने लाल पेन घेतलं, सावकाश वाचलं आणि एका ओळीत सात ठिकाणी खुणा केल्या. वर्षभर मदत करशील का, असं मी जपानीत विचारलं. त्याने मुद्दाम इंग्रजीत उत्तर दिलं.

‘वन पेज, फाइव्ह हंड्रेड येन.’

‘टू हंड्रेड,’ मी म्हटलं. ‘आय अ‍ॅम युअर टीचर.’

‘यस, सेन्सेई.’ त्याने पेनचं टोपण लावलं आणि हात पुढे केला. ‘बट मनी फर्स्ट, कांजी सेकंड.’